दुर्गाबाईंची धाकटी बहीण

आपल्या मंडळात दुर्गाबाई भागवतांची ओळख करून द्यावी लागत नाही. ऋतुचक्र कुणी ना कुणी वाचलेलं असतं, व्यासपर्ववर वर्षातून एकदा तरी वाद होतो, आणि १९७५ साली कराडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष असताना त्यांनी आणीबाणीविरुद्ध घेतलेली भूमिका तर दर दुसऱ्या व्याख्यानात येते. त्याच घरात दुर्गाबाईंहून साधारण वर्षभराने लहान असलेली एक बहीण होती. त्या कमला भागवत, लग्नानंतरच्या कमला सोहोनी. त्या जीवरसायनशास्त्रज्ञ होत्या. साहित्याच्या विद्यार्थ्यांना त्या फारशा माहीत नसतात, आणि विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनाही असतात असं मला दिसलेलं नाही.

मी त्यांच्यापर्यंत पोचले ती शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकामुळे. मी बीदर जिल्ह्यातली, भालकी तालुक्यातली. सुट्टीत गावी गेले की आमच्या पॅरिशच्या हॉलमध्ये आठवी ते दहावीच्या मुलांचा संध्याकाळचा अभ्यासवर्ग असतो, तिथं मी शिकवायला बसते. सीमाभागात एकाच गल्लीतली पोरं वेगवेगळ्या माध्यमांत शिकतात. त्यामुळे एकाच्या पुस्तकात पेशी असते, दुसरीच्या कन्नड पुस्तकात जीवकोश असतो, उर्दू शाळेतला पोरगा खलिया म्हणतो आणि इंग्रजी शाळेतलं पोर सेल म्हणतं. कांद्याचा पापुद्रा मात्र सगळ्यांना एकच लागतो.

हा धडा करताना पोरं आकृती काढतात, बाण करतात, नावं देतात. पेशीपटल, पेशीद्रव्य, केंद्रक, वनस्पतीत शिवाय भित्तिका, हरितलवकं आणि मोठी रिक्तिका. तंतुकणिकेचं आठवीत नाव तेवढं येतं, तिचं काम पुढच्या वर्गात शिकायचं असतं. आणि पूर्ण धड्यात माणसाचं नाव म्हणून पोरांच्या लक्षात राहतो तो रॉबर्ट हूक, १६६५ साली बुचाच्या पातळ कापात बारक्या बारक्या खोल्या बघणारा. बाकीचे भाग जणू आपोआप सापडले. तंतुकणिकेच्या आत चालणारं एक काम वनस्पतींमध्ये उलगडून दाखवण्यात मराठी बोलणाऱ्या एका बाईचा हात होता, हे त्या आकृतीत मावत नाही. म्हणून इथं लिहिते.

कमलाबाईंचा जन्म १९११ सालचा, इंदूरचा. वडील नारायणराव आणि काका माधवराव, दोघंही रसायनशास्त्रज्ञ. दोघंही बंगळुरूच्या टाटा इन्स्टिट्यूटमधून शिकून बाहेर पडलेले. आज आपण जिला भारतीय विज्ञान संस्था म्हणतो तीच ही संस्था. त्यामुळे आपणही तिथंच जाऊन संशोधन करायचं, हे कमलाबाईंच्या मनात लहानपणापासून असणं साहजिक होतं. घरातली थोरली मुलगी भाषा, लोककथा, बौद्ध साहित्य या वाटेनं गेली आणि धाकटीनं वडलांची वाट धरली.

१९३३ मध्ये कमलाबाई मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. झाल्या. मुख्य विषय रसायनशास्त्र, जोडीला भौतिकशास्त्र. गुणवत्ता यादीत त्या पहिल्या होत्या. त्यांच्या मागे असलेल्यांना बंगळुरूत प्रवेश मिळणार असेल तर त्यांना तो मिळणारच, असं कुणीही धरून चाललं असतं. त्यांनी अर्ज पाठवला आणि तो नाकारला गेला. कारण एकच, अर्ज करणारी मुलगी होती. नाकारणारे होते संस्थेचे त्या वर्षी नव्याने झालेले संचालक, सर चंद्रशेखर वेंकट रामन. तीनच वर्षांपूर्वी, १९३० मध्ये, त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं होतं. त्या काळी भारतात विज्ञानात त्यांच्यापेक्षा मोठा माणूस नव्हता. त्यांनी नाही म्हटल्यावर दाद मागायची कुणाकडे?

कमलाबाई रामन यांच्याकडेच गेल्या. त्या बंगळुरूला पोचल्या, त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या आणि नियमात नसलेली गोष्ट मला का नाकारता, असं त्यांनी विचारलं. उत्तर मिळेपर्यंत इथंच सत्याग्रह करीन, असंही सांगितलं. काळ गांधीजींचा होता, सत्याग्रह हा शब्द घराघरात गेलेला होता. पण तो इंग्रज सरकारपुढे करणं वेगळं आणि आपल्याच देशातल्या सगळ्यांत आदरणीय शास्त्रज्ञाच्या दारात करणं वेगळं. वय असेल बावीसच्या आसपास. म्हणजे माझ्यापेक्षा जेमतेम वर्षभराने मोठ्या.

शेवटी रामन यांनी प्रवेश दिला, पण अटींवर. पहिलं वर्ष त्यांना नियमित विद्यार्थिनी मानलं जाणार नव्हतं. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, रात्री उशिरापर्यंतसुद्धा, काम करावं लागणार होतं. वर्षाअखेरी रामन यांचं समाधान झालं तरच त्या कामाला मान्यता मिळणार होती. आणि प्रयोगशाळेचं वातावरण त्यांच्यामुळे बिघडता कामा नये, म्हणजे पुरुष संशोधकांचं लक्ष विचलित होता कामा नये. या शेवटच्या अटीवर मी बराच वेळ थांबले. तिच्यात कामाबद्दल काहीच नाही. दुसऱ्याचं लक्ष कुठं जातं त्याची जबाबदारी हिच्यावर टाकलेली आहे.

कमलाबाईंनी अटी मान्य केल्या. मार्गदर्शक मिळाले एम. श्रीनिवासय्या, शिस्तीचे कडक आणि शिकवणारे. त्यांच्या हाताखाली कमलाबाईंनी दूध आणि डाळी-कडधान्यांतल्या प्रथिनांवर काम सुरू केलं.

हा विषय आमच्याकडच्या माणसाला परका नाही. कलबुर्गी जिल्हा म्हणजे तुरीचं कोठार, तिथल्या तूरडाळीला २०१९ साली भौगोलिक मानांकनसुद्धा मिळालं. आळंद, अफजलपूर, चिंचोळी कुठंही जा, पावसाळ्यानंतर तुरीची शेतं दिसतात. ज्या घरात मटण महिन्यातून एकदा आणि दूध फक्त चहापुरतं, तिथं अंगाला लागणारं प्रथिन येतं ते वरणातून. त्या डाळीत नेमकं काय आहे, किती आहे, शरीराला त्यातलं किती मिळतं, हे प्रश्न १९३० च्या दशकात भारतात फार थोडी माणसं प्रयोगशाळेत विचारत होती. अटींवर आत आलेली ही मुलगी त्यांतली एक होती.

वर्ष संपलं. रामन यांना काम पसंत पडलं आणि कमलाबाई नियमित विद्यार्थिनी झाल्या. १९३६ मध्ये त्यांनी या कामावर मुंबई विद्यापीठाची एम.एस्सी. मिळवली. त्यानंतर संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला. त्यांची गोष्ट जिथं सांगितली जाते तिथं बहुतेक वेळा इथंच टाळ्या पडतात. पण त्यांचं आयुष्य अजून बरंच पुढे जायचं होतं.

शिष्यवृत्तीच्या आधारावर त्या १९३७ मध्ये केंब्रिजला गेल्या. तिथं फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स यांची जीवरसायनशास्त्राची प्रयोगशाळा होती. हॉपकिन्स म्हणजे जीवनसत्त्वांच्या संशोधनासाठी १९२९ चं नोबेल मिळालेले शास्त्रज्ञ. त्या प्रयोगशाळेत जागेची टंचाई होती. डेरेक रिक्टर नावाच्या संशोधकानं आपलं टेबल दिवसभरासाठी त्यांना दिलं आणि स्वतःचं काम रात्रीवर नेलं, अशी आठवण सांगितली जाते. बंगळुरूत रात्रीचं काम ही यांच्यावरची अट होती, इथं यांना दिवस मिळावा म्हणून दुसऱ्यानं रात्र घेतली. केंब्रिज काही बायकांसाठी स्वर्ग होतं असं समजू नका. बायकांना तिथं विद्यापीठाची पूर्ण पदवी आणि सभासदत्व मिळायला १९४८ साल उजाडावं लागलं. तरी एका माणसानं आपलं टेबल सरकवलं की केवढा फरक पडतो, ते या प्रसंगात दिसतं.

पुढे रिक्टर दुसरीकडे गेले आणि कमलाबाई रॉबिन हिल यांच्याबरोबर काम करू लागल्या. हिल हे वनस्पतींच्या पेशींचे अभ्यासक. त्यांच्याकडे कमलाबाईंनी जे काम केलं ते समजून घ्यायला आठवीच्या पुढचं थोडं विज्ञान लागतं, पण मी ते आमच्या पोरांना सांगून पाहिलं आहे, त्यामुळे तुम्हालाही सांगायला हरकत नाही.

आपण श्वास घेतो म्हणजे छातीत हवा भरतो, हे झालं बाहेरचं. खरं श्वसन पेशीच्या आत चालतं. खाल्लेल्या अन्नाचं विघटन होताना त्यातून इलेक्ट्रॉन सुटतात. ते सरळ ऑक्सिजनवर जाऊन आदळत नाहीत. विहिरीपासून घरापर्यंत बायका रांगेनं उभ्या राहून घागर हातोहात पुढे देतात, तसे ते एका रेणूकडून दुसऱ्याकडे सोपवले जातात. रांगेच्या शेवटी ऑक्सिजन उभा असतो, तिथं पाणी तयार होतं. आणि मधल्या प्रत्येक टप्प्यावर थोडी थोडी ऊर्जा मोकळी होते, ती पेशी साठवून घेते. एकदम सगळी मोकळी झाली असती तर ती नुसती उष्णता होऊन वाया गेली असती. या रांगेत उभ्या असलेल्यांपैकी एक आहे सायटोक्रोम सी. ते एक लहानसं प्रथिन आहे आणि त्याच्या मध्यभागी लोहाचा एक अणू असतो. ते लोह इलेक्ट्रॉन घेतं आणि पुढच्याला देऊन पुन्हा मोकळं होतं.

सायटोक्रोम हे नाव दिलं डेव्हिड केलिन यांनी, १९२५ मध्ये, केंब्रिजमध्येच. कीटकांचे पंखांचे स्नायू, यीस्ट आणि वनस्पती या सगळ्यांत त्यांना ही रंगद्रव्यं दिसली होती. पण वनस्पतींच्या पेशी श्वसनासाठी खरोखर हीच साखळी वापरतात का, हे नीट सिद्ध व्हायचं होतं. हिरव्या पानात हे काम करणं अवघड, कारण हरितद्रव्याचा गडद रंग बाकीचे फिकट रंग झाकून टाकतो. बटाट्यात हा अडसर नाही. कमलाबाईंनी बटाटा घेतला. वनस्पतींच्या ऊतींमध्ये सायटोक्रोम सी आहे आणि ते ऑक्सिडीकरणात भाग घेतं, हे त्यांनी दाखवलं. हिल आणि भागवत या दोन नावांनी १९३९ मध्ये सपुष्प वनस्पतींमधल्या सायटोक्रोम ऑक्सिडेजवरचा लेख नेचरमध्ये छापून आला. आपण खातो तो बटाटा आणि खाणारे आपण, दोघांच्या पेशी एकाच पद्धतीनं श्वसन करतात, असा त्याचा साध्या भाषेत अर्थ.

यातली मला सगळ्यांत आवडणारी गोष्ट अशी की तंतुकणिका म्हणजे पेशीचं ऊर्जाकेंद्र हे आज नववीतलं पोर घडाघडा म्हणतं, पण कमलाबाई बटाट्यावर काम करत होत्या तेव्हा हे कुणालाच ठामपणे माहीत नव्हतं. श्वसनाची ही साखळी तंतुकणिकेत असते हे दाखवलं युजीन केनेडी आणि आल्बर्ट लेनिंजर यांनी, १९४८ च्या सुमारास. म्हणजे कामगार आधी सापडला आणि तो राहतो कुठं हे दहा वर्षांनी कळलं. आकृतीतल्या एका बाणामागे अशी कैक वर्षं आणि कैक माणसं असतात.

कमलाबाईंनी पीएच.डी.चा प्रबंध लिहिला तो अवघा चाळीस पानांचा, आणि केंब्रिजला पोचल्यापासून साधारण चौदा महिन्यांत. १९३९ मध्ये पदवी मिळाली. विज्ञानात पीएच.डी. मिळवणारी पहिली भारतीय स्त्री म्हणून त्यांचं नाव घेतात. त्यांच्याआधी १९३१ मध्ये जानकी अम्मल यांनी अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाची डॉक्टर ऑफ सायन्स ही पदवी मिळवली होती, हेही बरोबर सांगायला हवं. पहिली कोण यावर भांडण्यात अर्थ नाही. दोघींची नावं आमच्या पोरांच्या पुस्तकात असावीत एवढंच माझं म्हणणं.

परदेशात राहून काम करता आलं असतं, पण त्या १९३९ मध्येच परत आल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंग कॉलेजमध्ये जीवरसायनशास्त्र विभागाच्या प्रमुख झाल्या. नंतर कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत सहायक संचालक म्हणून गेल्या आणि जीवनसत्त्वांवर काम केलं. हीच प्रयोगशाळा पुढे १९५८ मध्ये हैदराबादला हलली आणि आज राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाते. बीदरची माणसं दवाखान्यासाठी, लग्नाच्या खरेदीसाठी हैदराबादलाच जातात, पण त्या संस्थेचा हा धागा कुठं कुणाला ठाऊक असतो.

१९४७ मध्ये त्यांनी माधव सोहोनी यांच्याशी लग्न केलं. ते विमा क्षेत्रातले गणिती, म्हणजे ॲक्च्युअरी. मग मुंबईला घर झालं आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये नोकरी. तिथं जीवरसायनशास्त्राचा विभाग त्यांनी विद्यार्थ्यांसह उभा केला, आणि केंब्रिजमध्ये पेशीच्या आत डोकावलेली ही बाई पुन्हा गरिबाच्या ताटाकडे वळली.

१९५० च्या दशकात त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी वाल आणि इतर कडधान्यांतल्या एका खोडीचा अभ्यास केला. आपल्या आतड्यात ट्रिप्सिन नावाचं विकर प्रथिनं पचवतं. कच्च्या कडधान्यांत त्याला अडवणारे पदार्थ असतात, त्यामुळे ताटात प्रथिन असूनही ते अंगी लागत नाही. उष्णता दिली की हे अडवणारे पदार्थ बऱ्याच प्रमाणात निकामी होतात. आमची आजी वाल रात्रभर भिजत घालायची, मोड आणायची, सोलायची आणि मऊ होईस्तोवर शिजवायची, त्यात नुसती चव नव्हती. त्यामागचं कारण प्रयोगशाळेत तपासणाऱ्यांत कमलाबाई आणि त्यांचे विद्यार्थी होते.

मग नीरा. राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेचा अभ्यास हाती घेतला. पहाटे उतरवलेली, न आंबलेली नीरा हे पोषक पेय आहे, तिच्यात क जीवनसत्त्व आणि लोह मिळतं, आणि कुपोषित आदिवासी मुलांना व गरोदर बायकांना ती दिल्यास तब्येत सुधारते, असं त्यांच्या कामातून दिसलं. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. आमच्या भागात शिंदीची झाडं म्हटलं की लोकांना आंबलेली शिंदीच आठवते, आणि घराघरातल्या बायका कपाळाला हात लावतात. तेच झाड, तोच रस, फक्त काही तासांचा फरक. मुंबईच्या आरे दूध प्रकल्पालाही त्यांनी दुधाच्या दर्जाबाबत सल्ला दिला.

इतकं काम असूनही त्याच संस्थेचं संचालकपद त्यांना वेळेवर मिळालं नाही. काही वर्षं ते लांबत राहिलं, आणि त्यामागे अंतर्गत राजकारण होतं आणि त्या बाई होत्या हेही होतं. शेवटी त्या संचालक झाल्या. १९६६ मध्ये मुंबईत नऊ बायकांनी मिळून भारतीय ग्राहक मार्गदर्शक संस्था काढली, तिच्या कामात त्या शिरल्या. वजनमापातली फसवणूक, अन्नातली भेसळ हे विषय. संस्थेच्या कीमत या पत्रिकेत त्यांनी ग्राहकांसाठी लेख लिहिले, आणि १९८२-८३ मध्ये त्या संस्थेच्या अध्यक्षही होत्या. उतारवयात दिल्लीत भारतीय वैद्यक संशोधन परिषदेनं त्यांचा सत्कार केला. २८ जून १९९८ ला त्या गेल्या. माझा जन्म त्यानंतर काही वर्षांनी झाला.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला त्याकडे येते.

आमच्या अभ्यासवर्गात एक मुलगी होती, मराठी माध्यमातली, विज्ञानात चांगली. दहावीनंतर तिला सायन्स घ्यायचं होतं. आमच्याकडे मराठी माध्यम दहावीला संपतं. पुढे पीयूसीचं सायन्स इंग्रजीत, तेही तालुक्याच्या गावी. घरच्यांनी परवानगी दिली, पण दिवेलागणीच्या आत घरी यायचं या अटीवर. प्रॅक्टिकल दुपारनंतर असतं, आणि त्या वेळेत गावात पोचवणारी एसटी सुटते ती प्रॅक्टिकल अर्धं झालेलं असताना. घरच्यांचंही सगळं चूक नाही, रस्त्यावर दिवे नाहीत, फाट्यापासून दीड किलोमीटर चालत जावं लागतं. तिनं मला विचारलं, ताई, मान्य करू का?

मी तिला कमलाबाईंची गोष्ट सांगायला लागले आणि मध्येच थबकले. कारण ही गोष्ट आपल्याकडे एकाच पद्धतीनं सांगितली जाते. अटी मान्य कर, मान खाली घालून काम करून दाखव, मग जग आपोआप बदलतं. रामन बदलले ना! ही गोष्ट ऐकणाऱ्या बापाला आवडते, भावाला आवडते, संस्थाचालकांनाही आवडते.

पण कमलाबाईंनी स्वतः ती तशी सांगितली नाही. म्हातारपणी जाहीर समारंभात बोलताना त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं की रामन शास्त्रज्ञ म्हणून थोर होते, पण मनानं संकुचित होते. केवळ बाई म्हणून मिळालेली ती वागणूक त्या कधी विसरल्या नाहीत, आणि तो आपला मोठा अपमान होता असं त्या म्हणत. मधे साठ वर्षं गेलेली, पदवी, पुरस्कार, संचालकपद सगळं मिळालेलं. तरीही त्यांनी हिशोब मिटवून टाकला नाही. अटी त्यांनी पाळल्या, त्या अटी योग्य होत्या असं मात्र त्या कधीच म्हणाल्या नाहीत. या दोन्ही गोष्टी एकाच बाईनं केल्या, आणि दुसरी गाळली की पहिलीचा अर्थ बदलतो.

शिवाय कमलाबाईंना वडील होते, त्याच संस्थेतून शिकलेले. गुणवत्ता यादीतला पहिला नंबर होता. दारात बसून राहायची हिंमत होती. यांतलं एक जरी कमी असतं तर? त्याच काळात किती मुलींनी नकाराचं पत्र वाचून घडी घातली असेल आणि पेटीत ठेवलं असेल, त्यांची नावं कुठल्याच चरित्रात येणार नाहीत. त्यांच्यातल्या एखादीच्या हातून काय शोधलं गेलं असतं, हा प्रश्न विचारता येतो, उत्तर देता येत नाही. तंतुकणिकेचं काम पुढच्या वर्गात शिकाल, असं आपण आठवीच्या पोरींना सांगतो तेव्हा पुढचा वर्ग प्रत्येकीला असणारच, असं धरून चालतो.

मी त्या मुलीला एवढंच सांगितलं की प्रवेश घे, कारण न घेतलेला प्रवेश नंतर भांडून मिळत नाही. पण अट कबूल केली म्हणजे ती कायमची झाली असं समजू नको. दर महिन्याला घरात विषय काढ. प्रॅक्टिकल बुडालं की किती मार्क जातात ते कागदावर लिहून दाखव. वर्गातल्या दुसऱ्या मुलींच्या घरच्यांना एकत्र बोलव, कारण फाट्यापासूनचा रस्ता सगळ्यांचाच अंधाराचा आहे, आणि दिव्यासाठी पंचायतीकडे अर्ज करायला पाच घरं एका घरापेक्षा बरी. तिनं प्रवेश घेतला. अट अजून आहे. पण आता प्रॅक्टिकलच्या दोन दिवशी तिचे पप्पा मोटरसायकल घेऊन फाट्यावर येऊन थांबतात. दिव्याचा अर्ज पंचायतीत पडून आहे.

मंडळाच्या सभासदांना माझी एक विनंती आहे. आपल्या वाचनालयात दुर्गाबाईंच्या पुस्तकांची रांग आहे, तिच्या शेजारी कमलाबाईंचं काहीतरी असायला हवं. आणि आपल्यात कन्नड, उर्दू, कोकणी लिहू शकणारे बरेच आहेत. आठवीच्या मुलाला वाचता येईल असं त्यांचं चार पानी चरित्र, सोबत बटाट्याच्या कापाची आणि तंतुकणिकेची एक आकृती, असं आपण या भाषांमध्ये करू शकतो. मराठी मजकूर मी डिसेंबरपर्यंत लिहून देते. कन्नड आणि उर्दूसाठी नावं द्या.